रविकिरण गाडी हलकी करतो

जी गोष्ट घरी करता येते तिच्यासाठी बाहेरच्याला पैसे देणारा माणूस, रविकिरणच्या मते, एक तर मूर्ख असतो नाही तर त्याचा सासरा श्रीमंत असतो. त्याचा सासरा निपाणीचा निवृत्त गणित मास्तर, म्हणजे दुसरं कारण बाद. पहिलं त्याला मान्य नव्हतं. म्हणून त्याचे केस बायको कापायची, गीझर तो स्वतः दुरुस्त करायचा, आणि त्यानंतर आठवडाभर अख्खं घर गार पाण्याने आंघोळ करायचं.

आता असा माणूस जुन्या गाडीच्या प्रेमात पडला की काय होतं ते ऐका.

गाडी म्हणजे काही फार नाही हो. राखाडी रंगाची, लहानशी, तीन मालक बघून आलेली. रविकिरण नागपूरहून नोकरीसाठी बंगळुरात आला तेव्हा इथे त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं. ऑफिसात हिंदी, रस्त्यात जमेल तसं तोडकंमोडकं कन्नड, आणि मराठी बोलायचं तर गाडीशी. सिग्नलला अडकला की तो तिला मॅनेजरच्या चहाड्या सांगायचा. अश्लेषाशी लग्न झालं ते त्यानंतर. गाडीवर त्याचा जीव होता, अगदी उघड जीव होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नसे.

अश्लेषाला मात्र लाज वाटायची. का वाटू नये? हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर चढताना ती गाडी अशी कण्हायची की आजूबाजूचे लोक काचा खाली करून बघायचे. एकदा तर पाठीवर भला मोठा चौकोनी डबा घेतलेला एक जेवण पोचवणारा सायकलवाला त्यांच्या शेजारून पुढे गेला, आणि जाता जाता आत वाकून, "अक्का, सब ओके ना?" असं हिंदीत विचारून गेला. अश्लेषाने डोक्यावरून ओढणी घेतली ती येलहंक्याला घर येईपर्यंत काढली नाही.

त्याच संध्याकाळी तिने निकाल सुनावला.

"पुढच्या आठवड्यात माझे आप्पा-अव्वा निपाणीहून येतायत. अव्वाला नंदी बेट्ट बघायचंय. आपण चौघं, एसी चालू, पायथ्यापासून वरपर्यंत, मधे कुणीही न उतरता. चढली तर ती मरेपर्यंत ठेव, मी ब्र काढणार नाही. नाही चढली तर सोमवारी एक्स्चेंजवाला येऊन घेऊन जाईल. मी बोलून ठेवलंय."

"अगं, ते लोक तिला भंगारात काढतील!"

"काढू देत."

रविकिरणला रात्री जेवण गेलं नाही. म्हणजे दोनच पोळ्या गेल्या.

मग सुरू झाला अभ्यास. 'घरच्या घरी गाडीचा दम वाढवा' असे व्हिडिओ करणारी एक जमात आहे. बनियनवर उभे राहतात, हातात फडकं असतं आणि मेकॅनिक लोकांवर त्यांचा फार राग असतो. रविकिरणला हे सगळे सख्खे भाऊ वाटायला लागले. एकाने सांगितलं, एअर फिल्टर म्हणजे गाडीचं नाक, ते साफ करा. याने फिल्टर काढला आणि बाल्कनीच्या कठड्यावर धबाधबा आपटला. खालच्या मजल्यावर सुखदाचे कपडे वाळत होते. सुखदा पुण्याची, म्हणजे तिने आरडाओरडा केला नाही. फक्त सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली 'असो' लिहिलं.

दुसऱ्या भावाने टायरमधली हवा सांगितली. रविकिरणने पायाने मारायचा पंप आणला आणि चारही टायर भरता भरता स्वतःच पंक्चर होऊन पायरीवर बसला. तिसऱ्याने प्लग घासायला लावले. चौथ्याने सांगितलं की इंजिनात हवा जाते त्या तोंडाशी काळा चिकट थर बसतो, तो पेट्रोल लावून जुन्या टूथब्रशने खरवडा. रविकिरण न्हाणीघरात गेला आणि तिथला सगळ्यात झिजलेला ब्रश घेऊन आला. सासू-सासरे त्याच दिवशी सकाळी येऊन पोचले होते, हे त्या घाईत त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

"पाव्हणं," दुसऱ्या दिवशी आप्पाजी तोंड धुवून बाहेर आले, "ह्या तुमच्या बंगळूरच्या पाण्याला पेट्रोलचा वास का येतोय वो?"

रविकिरणचा चेहरा पांढराफटक. त्याने सगळं कबूल केलं, नवा ब्रश आणतो म्हणाला.

"नवा कशाला? धुतला की झालं," आप्पाजी म्हणाले. "दात मातुर लख्ख निघाल्यात." काटकसरीत जावई शेर, तर सासरा सव्वाशेर.

एवढं सगळं झाल्यावर रविकिरणने अश्लेषाला घेऊन एक चक्कर मारली. "फरक पडला ना? पिकअप बघ, पिकअप!" तो वळून वळून विचारत होता. तेवढ्यात शेजारून एक रिक्षा गेली. रिक्षात सहा शाळकरी पोरं होती, आणि त्यांतल्या दोघांनी टाटा केला.

"तुला पडल्यासारखा वाटतोय ना? मग पडला असेल," अश्लेषा म्हणाली. ती वाईट नव्हती हो, पण तिचा शब्द म्हणजे शब्द.

आता उरला शेवटचा उपाय. व्हिडिओतल्या पाचव्या भावाने डोळे बारीक करून सांगितलं होतं, 'गाडीतलं फालतू वजन काढा, गाडी हरणासारखी पळेल.' रविकिरणने डिकी उघडली आणि कपाळावर हात मारला.

त्यांच्या फ्लॅटला कोठीची खोली नव्हती, म्हणून डिकी हेच त्यांचं कोठीघर. सासुरवाडीहून येताना रिकाम्या हाताने कुणी सोडत नाही, आणि निपाणीचे लोक तर मुळीच नाही. ज्वारीचं पोतं, गुळाच्या ढेपा, भुईमुगाच्या शेंगा, काकवीचे कॅन, कांदा-लसूण मसाल्याच्या बरण्या, आणि एक पाटा. वरवंटा वर घरात होता. पाटा वर न्यायला कुणाला वेळच झाला नव्हता. एवढा संसार पाठीवर घेऊन ती बिचारी रोज हेब्बाळ चढत होती. रविकिरणच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो आधी मागची सीटच काढायला निघाला होता, पण सासूबाई, म्हणजे पद्मावतीबाई, खाली येऊन उभ्या राहिल्या. "आन् मी कुटं बसू? बॉनेटवर?"

सीट राहिली. पण डिकी त्याने रिकामी केली. टाकायचं तर नव्हतंच, आणि घरात जागा नव्हती. मग त्याने घरातले सगळे स्टीलचे डबे काढले, त्यांत गूळ, शेंगा, ज्वारी भरली आणि सोसायटीत वाटून टाकली. पाटासुद्धा सुखदाला देऊन आला, कपड्यांबद्दल भरपाई म्हणून. सुखदाने 'थँक यू' म्हणून घेतला. संध्याकाळी रविकिरणने रिकाम्या डिकीवरून हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाला, "झाली! झाली माझी राणी हलकी!"

अरे बाबा! तू नागपूरचा, चांगल्या घरचा, आईने तुला काही शिकवलं नाही का? दुसऱ्याचा डबा कधी रिकामा परत जातो का? निपाणी असो, नागपूर असो, पुणं असो की बंगळूर, हा कायदा सगळीकडे एकच. कुठे लिहिलेला नाही, पण मोडून दाखवा.

दुसऱ्याच दिवशी दारात सोसायटीतले येसाजीअण्णा. यांच्या सात पिढ्या बंगळुरातच गेल्या, मराठी बोलतात पण कन्नडच्या फोडणीची. दोड्डबळ्ळापूरच्या बाजूला त्यांचं शेत. एका हातात रविकिरणचा डबा, त्यात चिंच ठासून भरलेली, आणि मागे त्यांचा ड्रायव्हर. त्याच्या खांद्यावर पहिलीतल्या पोराएवढा फणस.

"अण्णा, हे काय! एवढं कशाला?" रविकिरण घाबरून म्हणाला.

"स्वल्पच आहे रे. तू गूळ दिला, आम्ही डबा रिकामा द्यायचा काय? सरी नाही ते, बरं दिसत नाही."

मागोमाग सुखदा. डब्यांत चकल्या, वर कैरीच्या लोणच्याची बरणी, आणि पाटा परत. "वरवंट्याशिवाय ठेवून काय करू?" असं म्हणाली, पण पाटा रिकामा परत देणं बरं दिसेना, म्हणून त्यावर आंब्यांची पेटी ठेवून आणली होती.

इथेच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पद्मावतीबाईंना रात्री झोप लागेना. "त्येंनी एवढा फणस दिला आन् आपला नुसता गूळ? निपाणीचं नाव गेलं की हो!" त्यांनी दुसऱ्या दिवशी दाण्याची चटणी कुटली, धपाटे केले आणि डबे पुन्हा पाठवले. डबे पुन्हा भरून आले. नारळ आले, रव्याचे लाडू आले, कुणाच्या तरी मामीने केलेलं तूप आलं. ज्यांना डबा गेलाच नव्हता अशी माणसंही ओशाळून काहीतरी देऊन जाऊ लागली. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा अश्लेषाने ते सगळं उचललं आणि कुठे नेऊन ठेवलं असेल?

घाटाआधी गाडीला विश्रांती म्हणून रविकिरण बसने ऑफिसला गेला होता. परत आला तर डिकीचं झाकण बंद होत नव्हतं.

"अश्लेषा!" तो किंचाळला. "आधी होतं त्याच्या दुप्पट वजन झालं ना हे!"

"मग टाकून दे," ती म्हणाली.

अन्न टाकलं तर पाप लागतं. पाप एक वेळ परवडलं असतं, सासूबाई परवडल्या नसत्या. नंदी बेट्टाला जायचं दुसऱ्या दिवशी होतं; शनिवार-रविवारी तिकडे सगळं शहर लोटतं, म्हणून मुद्दाम शुक्रवारची रजा टाकलेली. वेळ उरला नव्हता. तेव्हा रविकिरणने मनाचा हिय्या केला, पार्किंगमध्ये डिकीपाशी उभा राहिला आणि खायला लागला. आधी चकल्या, मग लाडू, मग आंबे, मग लाडवांनी गोड झालं म्हणून पुन्हा चकल्या. वजन उतरवायचं काम होतं, ते तो निष्ठेने करत होता.

आप्पाजी फेरी मारायला खाली आले होते. ते हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले.

"पाव्हणं, एक विचारू?"

"हूं," रविकिरण म्हणाला. तोंडात लाडू होता.

"हे डिकीतलं तुमच्या पोटात गेलं. उद्या तुमी गाडीतच बसणार न्हवं?"

"हूं."

"मग वजन कुटं गेलं?"

रविकिरण चावायचा थांबला. मास्तरांनी गणित घातलं होतं आणि उत्तर तोंडातच होतं. पण आता बाहेर काढणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने गिळलं.

शुक्रवारी सकाळी निघाले. उरलेले डबे अश्लेषाने कसेबसे घरात कोंबले, पण फणस कुठेच मावेना, तो डिकीतच राहिला. देवनहळ्ळीच्या सपाट रस्त्यावर गाडी अशी मजेत चालली की रविकिरण शीळ घालायला लागला. एसी चालू, मागे आप्पाजी आणि पद्मावतीबाई, बाजूला अश्लेषा. पायथा आला, घाट सुरू झाला आणि शीळ बंद झाली.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला गाडी कण्हू लागली. चौथ्या वळणावर चढ असा अंगावर आला की समोर रस्त्याऐवजी आभाळच दिसायला लागलं. मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता.

"पहिला टाक," अश्लेषा म्हणाली.

"पहिल्यात पेट्रोल लई पिते. दुसऱ्यातच जाते ती, तू बोलू नको." आणि स्टिअरिंगवर ओणवा होऊन तो हळूच म्हणाला, "चाल वं माय, चाल ना."

माय थरथरली, एकदा खोकली आणि बंद पडली. शिवाय थोडीशी मागेही सरकली. पद्मावतीबाईंनी तेहतीस कोटींपैकी आठवतील तेवढ्या देवांना हाका मारल्या. रविकिरणने हँडब्रेक ओढला, दार उघडून बाहेर उडी मारली आणि मागच्या चाकाखाली दगड सरकवला.

"उतरलास," अश्लेषा आतून म्हणाली.

"अगं, दगड लावायला उतरलो!"

"चौघं, कुणीही न उतरता. ठरलं होतं."

एवढं घासलं, एवढं फुंकलं, एवढं खाल्लं, आणि सगळं एका दगडापायी मातीत गेलं. सोमवारी तो माणूस येणार, हिला घेऊन जाणार, आणि पत्रा वेगळा नि काच वेगळी करून टाकणार. रविकिरणला रडूच फुटणार होतं. पण पुरुष रडायच्या ऐवजी भलतंच काहीतरी करतात, तसं त्याने डिकी उघडून फणस बाहेर काढला. निदान एवढं तरी वजन कमी!

फणस छातीशी धरून तो डिकी बंद करतोय तोवर मागचा टेम्पोवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून कन्नडमध्ये त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करू लागला. अश्लेषाला कन्नड चांगलं येतं, त्यामुळे तिला ते सगळं समजलं. ती सरकून स्टिअरिंगमागे बसली, इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला, आणि रविकिरण "अगं थांब, तिला जरा..." म्हणेपर्यंत गाडी सुटली.

सुटली म्हणजे काय, सुसाट सुटली! वळण घेतलं, पुढचा चढ घेतला. मागच्या काचेतून आप्पाजींचा निरोपाचा हात दिसला, मग तोही दिसेना. टेम्पोवालाही धूर सोडून गेला.

आधी रविकिरणची छाती फुगली. "बघा, बघा कशी पळाली माझी..." असं त्याने रस्त्यालाच सांगितलं. मग त्याच्या लक्षात आलं की ती पळाली ती त्याच्याशिवाय. त्याचा चेहरा पडला. आणि तो फणस घेऊन घाट चढू लागला.

फणस काही हलका नव्हता, आणि कालचे लाडूही नव्हते. दोन मोटरसायकलवाली पोरं शेजारी थांबली. "अण्णा, हलसिन हण्णु एष्टु?" एकाने फणसाकडे बोट दाखवून भाव विचारला. रविकिरणने मान हलवली. "स्वल्प कम्मी माडी," दुसरा घासाघीस करत म्हणाला. त्यांना वाटलं हा अडून बसलाय. पुढे एका कुटुंबाने त्याचा फोटो काढला. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता, फणसाचे काटे छातीला टोचत होते, आणि डोक्यात एकच घोळत होतं: शर्त गेली, आता गाडी जाणार.

वर पार्किंगमध्ये ती उभी होती. इंजिन चालू, एसी चालू. आत आप्पाजींनी मफलर बांधला होता. अश्लेषा बाहेर टेकून उभी होती, आणि तिचे डोळे असे चमकत होते की रविकिरणला लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले.

"हरलो," तो फणस खाली ठेवून धापा टाकत म्हणाला. "चौघं नाही, तिघंच आलात. मला माहितेय. बोलाव त्याला सोमवारी."

"कुणाला?"

"एक्स्चेंजवाल्याला."

"काही नको," अश्लेषा म्हणाली. "विकायची नाही ही. काय गाडी आहे रे! पहिल्यात टाकली तर लोण्यासारखी वर आली. आजवर मला वाटायचं हिच्यातच खोट आहे."

रविकिरणला आधी खरंच वाटेना. "नाही विकायची? देवाशपथ?"

"देवाशपथ. पण आजपासून चालवणार मी. सोमवारपासून माझ्या ऑफिसला मीच नेणार. तुझ्या ऑफिसला तर येलहंक्याहून थेट बस आहे."

गाडी वाचली होती. हेच तर मागितलं होतं ना त्याने? त्याने खिशात हात घातला, पण किल्ली कधीच तिच्या हातात होती. आप्पाजींनी पुढची सीट धरली होती. रविकिरण मागे सासूबाईंच्या शेजारी बसला, मांडीवर फणस.

उतरायला लागले तसं त्याला राहवेना. तो पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकं काढून बोलायला लागला. "अश्लेषा, ऐक. सकाळी सकाळी हिला एकदम पळवू नको हं. आधी थोडं गरम होऊ दे, मग बोल काय बोलायचं ते. दार आपटलेलं हिला आवडत नाही. पावसात जरा कुरकुर करते, तेव्हा ओरडायचं नाही, हळूच घ्यायचं. आणि खड्ड्यातून नेताना..." त्याने फणस छातीशी धरला. "फार कधी मागत नाही गं ती काही. फक्त लक्ष ठेव."

"हो, हो," अश्लेषा म्हणाली. तिचं लक्ष रस्त्याकडे होतं.

आप्पाजी मागे वळले. मफलर खाली करून त्यांनी जावयाकडे बघितलं.

"पाव्हणं, आमची पोरगी तुमच्या हातात देताना मीबी तुमाला असंच सगळं सांगत हुतो की."

रविकिरणने सीटांमधून डोकं मागे घेतलं.

"तवा तुमीबी असंच हो हो म्हनला हुता," आप्पाजी म्हणाले, आणि पुन्हा समोर बघू लागले.